तिसऱ्या बशीतली गाठ

सभागृह चारशे खुर्च्यांचं होतं आणि माणसं सहाशे आली होती. उरलेली दोनशे भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि सगळीच कुडकुडत होती. बाहेर रविवारच्या उन्हाने रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं. आत मात्र एसी असा सोडला होता, की पुढच्या रांगेत शाली निघाल्या होत्या. दारावरच्या मदतनीसाने येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं, सूक्ष्म जीव फार नाजूक असतो, त्याला गारवा लागतो. लोकांनी माना डोलावल्या. सूक्ष्म जीव कुणी पाहिलेला नव्हता, पण तो नाजूक असणार हे सर्वांना एकदम पटलं.

मंचावर पांढरं कापड घातलेलं टेबल होतं. टेबलावर काचेच्या तीन बश्या, वर एक कॅमेरा, आणि मागच्या मोठ्या पडद्यावर त्याच बश्या घराएवढ्या. टेबलामागे प्रोफेसर उभे होते. प्रोफेसर कसले आणि कुठले, हे कुणी विचारलं नव्हतं. ज्याच्या पांढऱ्या कोटाच्या खिशाला तीन पेनं आहेत त्याला असले प्रश्न विचारायचे नसतात. त्या पेनांनी लिहिताना मात्र त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं.

"मंडळी," प्रोफेसर म्हणाले, "विषाणू म्हटलं की तुम्ही नाकाला रुमाल लावता. लावू नका. जावयांत जसे वाईट असतात तसे चांगलेही असतात, तसंच विषाणूंचं आहे."

सभागृह हसलं. हसलेला माणूस निम्मा पटलेला असतो, हे प्रोफेसरांना ठाऊक होतं.

मग त्यांनी सांगितलं, की एका विषाणूला त्यांनी अकरा वर्षं शिकवलं आहे, रोज सकाळी दोन तास. त्याचं नाव मित्राणू. हा मित्राणू कर्करोगाच्या गाठीत शिरतो, तिथे आपल्यासारखी हजार पोरं काढतो आणि गाठ फोडून बाहेर येतो. शेजारी चांगली पेशी असेल तर तिचं दार वाजवतो, नाव विचारतो, चुकलो म्हणतो आणि पुढे जातो. इतका सभ्य विषाणू कुणी पाहिलाय का, असं त्यांनी विचारलं. कुणीच पाहिला नव्हता. सभ्य माणसंसुद्धा फारशी पाहण्यात नव्हती.

नवव्या रांगेत अक्का बसली होती आणि तिच्या शेजारी तिची धाकटी बहीण. धाकटी शिवणकाम करायची. तिच्या हातच्या ब्लाऊजला दुसऱ्यांदा माप घ्यावं लागत नसे, असा तिचा लौकिक होता. चार महिन्यांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. केमोचे सहा डोस द्यायचे, गाठ आकसली की ऑपरेशन करायचं, असं इस्पितळात ठरलं होतं. चार डोस झाले होते. केस गेले होते, तोंड आतून सोलवटलं होतं, आणि सुईत दोरा ओवताना बोटांना दोरा जाणवत नव्हता. पाचवा डोस येत्या गुरुवारी होता. धाकटीने घरात सांगून टाकलं होतं, की आता ती जाणार नाही.

तिला इथे आणलं होतं तिच्या नवऱ्याने. तो गाडी चालवायला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत, मेहुणीसुद्धा. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या बाजूला एक जादा ब्रेक असतो. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर पाय दाबून दाबून त्यांना अशी सवय जडली होती, की घरात कुणी जोरात बोललं तरी त्यांचा उजवा पाय जमिनीत रुतायचा. स्वतःच्या बाबतीत मात्र हा ब्रेक लागत नसे. मोबाइलवर आलेली प्रत्येक गोष्ट ते थेट चौथ्या गिअरमध्ये पुढे पाठवत.

आज तर मास्तर मंचावरच होते. प्रोफेसरांनी श्रोत्यांतून एक 'निःपक्ष साक्षीदार' मागितला होता, आणि मास्तर हात वर करायच्या आधीच उभे राहिले होते.

पहिल्या बशीत फिकट रंगाचा, बोराएवढा गोळा होता. हे निरोगी मांस, प्रोफेसर म्हणाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या बशीत गर्द लाल, तेवढेच गोळे. या गाठी, आज सकाळीच एका शस्त्रक्रियेतून आलेल्या. रविवारी सकाळी कुठलं इस्पितळ गाठींची पार्सलं करतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मग एक बाटली निघाली. आत पिवळसर पाणी आणि सभागृहभर पसरणारा निलगिरीचा वास. ते पाणी चमचाभर पहिल्या बशीत, चमचाभर दुसऱ्या बशीत. तिसरा चमचा मास्तरांनी स्वतःच्या हाताने एका भांड्यात घेतला, शेगडीवर खळाखळा उकळला, गार केला आणि मग तिसऱ्या बशीत ओतला.

"जिवंत विषाणू उकळला तर काय होईल?" प्रोफेसरांनी विचारलं.

"मरेल," सहाशे माणसं म्हणाली.

पुढची चाळीस मिनिटं प्रोफेसर बोलत राहिले. औषध कंपन्यांनी आपल्याला कसं दाबलं, आपण कसे दबलो नाही, आणि केमो म्हणजे घरातला उंदीर मारायला घर पेटवून देणं कसं आहे, हे सगळं झालं. चाळीस मिनिटांनी पडद्यावर पाहिलं तर पहिल्या बशीतलं निरोगी मांस होतं तसंच. दुसऱ्या बशीतली गाठ वितळून तिचं तांबूस पाणी झालेलं. आणि तिसऱ्या बशीत, जिथे मित्राणूला मास्तरांनी उकळून मारलं होतं, तिथली गाठ जशीच्या तशी, निर्लज्जासारखी बसलेली.

सभागृहातून एक सुस्कारा निघाला. एक म्हातारा सुतार पहिल्या रांगेत बसून रडत होता.

बाटल्या बुधवारी दुपारच्या सभेत मिळणार होत्या. अटी दोनच. रोग्याने इस्पितळाची फाइल प्रोफेसरांकडे जमा करायची. पुढे कुठलंही इंजेक्शन घ्यायचं नाही, कारण रसायन आत गेलं की मित्राणू रुसतो. मास्तर धाकटीची फाइल सोबतच घेऊन आले होते. ती तिथेच एका खोक्यात पडली. त्या खोक्यात आधीच बऱ्याच फाइली होत्या.

अक्का काही भोळी नव्हती. ती गेली बावीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती. तीनशे रोग्यांचं पथ्याचं जेवण तिच्या हाताखालून जायचं, आणि डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला अक्काच म्हणत. मुकादमाने तोंड उघडलं की तो किती खोटं बोलणार आहे हे तिला आवाजावरून कळे. पण तिसऱ्या बशीने तिचाही घास घेतला होता. बाकी सगळं हातचलाखी म्हणता आलं असतं. उकळलेलं मात्र मास्तरांनी उकळलं होतं, आणि मास्तर कितीही वाया गेलेले असले तरी लबाड नव्हते. लबाडीला लागणारी अक्कल त्यांच्याकडे नव्हती.

सोमवारी कर्करोगाच्या डॉक्टरबाई नेहमीप्रमाणे बिनसाखरेच्या चहासाठी स्वयंपाकघराच्या खिडकीशी आल्या. धाकटीवर उपचार त्याच करत होत्या. अक्काने कप पुढे केला, रविवारच्या सभेतलं बश्यांपासून फाइलींच्या खोक्यापर्यंत सगळं सांगितलं आणि विचारलं, की कर्करोग खाणारे विषाणू असतात, ही थापच ना?

"थाप नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "असतात."

अक्काचा चेहरा पडला. तिला थाप हवी होती.

डॉक्टरबाईंनी चहा पिता पिता समजावून सांगितलं. विषाणूंशी लढायची जी व्यवस्था निरोगी पेशीत असते, ती कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा गमावून बसलेल्या असतात. त्यामुळे काही विषाणूंना त्या सोपं सावज. शास्त्रज्ञ विषाणूच्या जनुकांत फेरफार करून तो चांगल्या पेशीत फारसा वाढू नये असं पाहतात. गाठ फुटली की शरीराच्या सैनिकांनाही शत्रू ओळखू येतो. त्वचेच्या एका कर्करोगासाठी असं औषध काही देशांत मान्य झालंय. ते सुईने थेट गाठीत टोचतात. ताप येतो, हुडहुडी भरते, काहींना गुण येतो, काहींना येत नाही.

"आणि आमच्या धाकटीला?"

"तिच्या गाठीवर माझ्याकडे आज तसं काही नाही. अभ्यास चालू आहेत. अभ्यासातलं औषध कुणी सभागृहात वाटत नाही, अक्का. तिथे धोके कागदावर लिहून देतात, सही घेतात, आणि चालू उपचार बंद कर म्हणून कुणी फाइल काढून घेत नाही." मग कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तिची गाठ चार डोसांत निम्मी झालीय. आत्ता थांबली तर ती परत वाढायला लागेल. गुरुवारी तिला आणा."

अक्काला एक गोष्ट लख्ख कळली. धडधडीत खोटं फार दूर जात नाही. ते लंगडं असतं. प्रोफेसरांनी खऱ्या विज्ञानाचा एक पाय चोरून आपल्या खोट्याला लावला होता, आणि आता ते गावभर धावत सुटलं होतं. डॉक्टरबाई 'काहींना' म्हणत होत्या आणि प्रोफेसर 'सगळ्यांना'. सोलवटलेल्या तोंडाच्या माणसाला यातलं कुठलं ऐकावंसं वाटेल, हे सांगायला पंचांग नको.

मंगळवार हा स्वयंपाकघरात जेलीचा वार. ज्यांना दुसरं काही गिळवत नाही त्यांना गार जेली बरी पडते. त्या दिवशी जेली अननसाची होती. अक्काने फोडी पातेल्यात टाकल्या, विस्तव वाढवला आणि डाव घेऊन उभी राहिली. समोरच्या भिंतीवर पत्र्याची पाटी होती, तिच्याच हातची, लाल रंगात: 'कच्चा अननस जेलीत घालू नये. आधी उकळावा.'

बावीस वर्षं ती पाटी तिथे होती, म्हणजे बावीस वर्षांत अक्काने ती वाचली नव्हती.

नोकरीला लागली त्या वर्षी तिने हौसेने दोनशे कप जेलीत ताजा अननस चिरून घातला होता. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही सकाळी दोनशे कपांत सरबतच होतं. मुकादमाने सगळ्यांदेखत विचारलं होतं, अक्का, ही जेली खायची की हिने आंघोळ करायची? तेव्हाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मग कारण सांगितलं होतं. जेलीची पावडर म्हणजे जिलेटिन, प्राण्यांच्या हाडाकातड्यातून काढलेलं प्रथिन. कच्च्या अननसाच्या रसात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. ते जेलीचा चुराडा करतं. अननस उकळला की ते एन्झाइम निकामी होतं, आणि मग जेली छान बसते.

उकळला की निकामी.

अक्काच्या हातातला डाव तसाच राहिला. अननस उतू जायला लागला तेव्हा ती भानावर आली. मग तिने फळीवरून चायना ग्रासचं पाकीट काढलं. चायना ग्रास समुद्राच्या शेवाळापासून होतं, त्यात प्रथिन नाही, म्हणून अननस त्याच्या वाटेला जात नाही. हे स्वयंपाकघरातल्या कुणालाही ठाऊक होतं. तासाभरात स्टीलच्या टेबलावर तीन बश्या मांडल्या गेल्या. पहिलीत चायना ग्रासचा फिकट गोळा. दुसरीत आणि तिसरीत लाल जेलीचे. पहिल्या दोन बश्यांत कच्च्या अननसाचा गाळलेला रस, तिसरीत उकळून गार केलेला.

डॉक्टरबाई चहाला आल्या तेव्हा निरोगी मांस शाबूत होतं, दुसरी गाठ पाणी झाली होती आणि तिसरी निर्लज्जासारखी बसली होती.

डॉक्टरबाई आधी खूप हसल्या. मग एकदम थांबल्या. गेल्या पंधरवड्यात त्यांचे सात रोगी तारखेला आले नव्हते.

संध्याकाळी अक्का बश्या डब्यात घालून धाकटीच्या घरी गेली आणि सगळा खेळ शिलाई मशीनच्या टेबलावर पुन्हा करून दाखवला. धाकटी पाहत होती. मास्तर मात्र नुसतं पाहणारे नव्हते.

"तुम्ही जेली विरघळवलीत, अक्का, मान्य," ते म्हणाले. "पण त्यांची गाठ खरी आहे. मी दोन हातांवरून पाहिली."

"हात लावलात?"

"हात लावू देत नाहीत. संसर्ग होतो."

"वास घेतलात?"

"निलगिरीचा होता."

"मग पाहिलंत काय, मास्तर? रंग?"

मास्तरांचा पाय जमिनीत रुतला. पण माणसाने एकदा सहाशे लोकांसमोर साक्ष दिली की ती मागे घेणं त्याच्या जिवावर येतं. ते म्हणाले, जेली ती जेली आणि कर्करोग तो कर्करोग, आणि अक्काला डॉक्टरांचं मीठ खाऊन डॉक्टरांसारखंच बोलायची सवय लागलीय. अक्का धाकटीकडे वळली.

धाकटी हळू म्हणाली, "अक्का, मला ठाऊक आहे तू माझ्या भल्याचं सांगतेस. पण तुझ्या गुरुवारी मला पुन्हा ती सुई आहे. यांच्या बुधवारी फक्त थेंब आहेत. तू माझ्या जागी असतीस तर काय धरलं असतंस?"

याला अक्काजवळ बशी नव्हती. ती एवढंच म्हणाली, की उद्या मीही येते, आणि उद्याचं बघून तू ठरव.

बुधवारी सभागृहात आठशे माणसं होती आणि थंडी रविवारपेक्षा जास्त. अक्काच्या पिशवीत थर्मास होता, थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात जेलीचा एक कप. सर्वात मागच्या रांगेत डॉक्टरबाई साध्या कपड्यांत बसल्या होत्या. प्रोफेसरांनी साक्षीदार मागितला. मास्तर उठायच्या आत अक्का पायऱ्या चढून मंचावर पोचली होती. तीनशे माणसांचं जेवण वेळेवर वाढणाऱ्या बाईला मंच गाठायला वेळ लागत नाही.

तिने रस उकळला, गार केला, तिसऱ्या बशीत ओतला, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. मग पिशवीतून जेलीचा कप काढला, कॅमेऱ्याखाली चौथ्या जागी ठेवला आणि बाटलीतलं चमचाभर औषध त्यावर ओतून मोकळी झाली.

"हे काय, बाई?" प्रोफेसरांनी विचारलं.

"इस्पितळातली जेली आहे. माझ्या बहिणीला तेवढीच गिळवते. तुमच्या औषधाबरोबर ती चालेल का, म्हटलं बघावं."

प्रोफेसरांनी कप उचलायला हात पुढे केला, पण सभागृहातून आवाज आला, राहू द्या की. लोकांना चमत्कार चारही बश्यांत हवा होता. ज्या गर्दीच्या जोरावर प्रोफेसर उभे होते तिनेच त्यांचा हात धरला. त्यांना चाळीस मिनिटं बोलावं लागलं, आणि त्यांनी इतकी वाईट चाळीस मिनिटं आयुष्यात काढली नसतील. कंपन्यांनी दाबल्याची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. उंदीर आणि घराच्या दृष्टान्तात एकदा उंदरानेच घर पेटवलं. पडद्याकडे त्यांनी पाठ केली होती, पण आठशे माणसांचे डोळे पडद्यावरच होते, आणि त्या डोळ्यांसमोर कपातली जेली दुसऱ्या बशीतल्या गाठीबरोबरीने बसत, खचत, पाणी होत चालली होती.

अखेर मागून कुणीतरी म्हणालं, "प्रोफेसर, जेलीलाही कर्करोग झालाय वाटतं."

प्रोफेसर कसलेले गडी होते.

"बरोबर ओळखलंत," ते म्हणाले. "आजकालच्या अन्नात कर्करोग भरलेला आहे. इस्पितळाच्या अन्नात तर सर्वात जास्त. माझ्या मित्राणूने तो शोधून काढला."

आणि निम्म्या सभागृहाने माना डोलावल्या.

हे पाहून अक्काला त्या माणसापेक्षा त्या मानांचाच जास्त राग आला. पुढे काय करायचं हे तिने ठरवलेलं नव्हतं. तिने टेबलावरचा चमचा उचलला, तो तिसऱ्या बशीतल्या गाठीला कडेने टेकवला आणि हलकेच दाबला. गाठ थरथरली आणि चमच्याच्या धारेने सरळ, गुळगुळीत कापली गेली. ही थरथर अक्का बावीस वर्षं ओळखत होती. तिने वास घेतला. निलगिरीच्या खाली, लाजून लपल्यासारखा, अननस होता.

मग आठशे माणसांदेखत तिने ती गाठ तोंडात टाकली.

सभागृहात बायका किंचाळल्या. कुणीतरी खुर्चीवरून उठलं. अक्का सावकाश चघळत राहिली, जशी ती रोज सकाळी वाढायच्या आधी प्रत्येक पदार्थाची चव घेई.

"रासबेरी," ती म्हणाली. "साखर कमी पडलीय."

कुणी हसलं नाही.

"आणखी एक," अक्का म्हणाली, तशाच आवाजात, "एसी बंद करा. तुमचा मित्राणू माणसाच्या अंगात काम करणार, आणि माणसाचं अंग गरम असतं. मग त्याला एवढी थंडी कशाला? थंडी त्याला नकोय. ती जेलीला लागते. नाहीतर या तिसऱ्या बशीतली गाठ मित्राणूशिवायच वितळली असती आणि तुमचं पितळ उघडं पडलं असतं."

मागच्या रांगेतून डॉक्टरबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी जिलेटिन, चायना ग्रास आणि अननस यांचं जे काही आहे ते चार वाक्यांत सांगितलं. पाचवं वाक्य त्यांनी खऱ्या विषाणूंबद्दल सांगितलं, की ते खरे आहेत, त्यांच्यावर प्रामाणिक माणसं वर्षानुवर्षं राबतायत, आणि त्यातलं एकही औषध निलगिरी घालून वाटलं जात नाही.

प्रोफेसर तोवर कोट सावरत मागच्या दाराकडे निघाले होते. त्या दाराला लागून मास्तरांची शिकाऊ गाडी आडवी उभी होती. साक्षीदाराचा मान म्हणून मास्तरांना ती तिथे लावायची परवानगी खुद्द प्रोफेसरांनीच दिली होती. प्रोफेसरांनी गाडी काढायला सांगितली. त्यांच्या मागोमाग आलेले मास्तर किल्ली मुठीत घट्ट धरून, दोन्ही पाय जमिनीत रोवून उभे राहिले. त्यांच्या आयुष्यात इतका करकचून ब्रेक त्यांनी पूर्वी कधी दाबला नव्हता. डॉक्टरबाईंनी बोलावलेले पोलीस यायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर ती गाडी जागची हलली नाही.

धाकटी मात्र तिकडे गेली नाही. ती टेबलाखालच्या खोक्याशी उकिडवी बसली आणि एकेक फाइल उपसत आपली शोधू लागली. तिच्या बोटांना कागद नीट लागत नव्हते, तरी तिने कुणाला हात लावू दिला नाही. फाइल मिळाल्यावर ती छातीशी धरून उठली. मग काय वाटलं कोण जाणे, ती पुन्हा बसली आणि बाकीच्या फाइलींवरची नावं मोठ्याने पुकारू लागली. एकेक जण पुढे येऊन आपली फाइल घेऊन गेला. नजर वर करून कुणी बघत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या सुताराने आपली तीन महिन्यांनी परत घेतली. या तीन महिन्यांत प्रोफेसरांच्या बश्यांतल्या गाठी आठवड्याला दोनदा वितळल्या होत्या. सुताराची वितळली नव्हती. ती वाढली होती, आणि आता डॉक्टरबाईंजवळ त्याच्यासाठी पूर्वीइतकं काही उरलं नव्हतं.

सगळेच शहाणे झाले असं समजू नका. दारातून बाहेर पडताना एक गृहस्थ मदतनीसाला हळूच विचारत होते, की प्रोफेसर सुटून आल्यावर पत्ता कुठे मिळेल.

गुरुवारी मास्तरांनी धाकटीला इस्पितळात आणलं. रस्ताभर एकही सल्ला दिला नाही. सुई लागताना धाकटीने डोळे मिटून घेतले. ती सुई बुधवारीही वाईट होती आणि गुरुवारीही वाईटच होती. तिला गोड म्हणण्याचा खोटेपणा अक्काने केला नाही. तिने फक्त शेजारी स्टूल ओढलं.

आता दर मंगळवारी कर्करोग विभागाच्या दारात, रोगी आणि नातेवाईक बसतात तिथे, अक्का तीन बश्या मांडते. कुणीही हात लावावा, वास घ्यावा, चव बघावी. मग ती विचारते, ज्याने तुम्हाला हे करू दिलं नाही, त्याने तुम्हाला काय दाखवलं? बाकी भाषण तिला येत नाही. तुम्हा वाचणाऱ्यांनाही तिचं एवढंच सांगणं आहे, की खरं औषध प्रश्नाला भीत नाही. ते कुणाला लागू पडतं, कुणाला नाही, किती त्रास देतं, हे स्वतः सांगतं. जो म्हणतो, माझं सगळ्यांना लागू पडतं, त्रास काहीच नाही, फक्त चालू उपचार बंद करा, त्याच्या हातात फाइल देऊ नका. त्याच्या बशीत चमचा घाला.

त्या गुरुवारी सुई निघाल्यावर अक्काने धाकटीपुढे जेलीचा कप धरला. धाकटीने एक घास घेतला, सोलवटलेल्या तोंडात थोडा वेळ धरून ठेवला आणि गिळला.

"गोड जरा जास्त झालीय," ती म्हणाली.

"काल एकाची कमी पडली होती," अक्का म्हणाली, "त्याची भरून काढली."